शिट्ट्यांकडे लक्ष

स्मरणशक्तीच्या चाचणीतले पाच शब्द टॅबवर झळकून गेले. ते थोड्या वेळाने सांगायचे होते. मनोरमाबाई ते मनात घोळवत होत्या, तोच बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या सुनेने हाक दिली, "आई, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा हं!"

पहिली शिट्टी झाली आणि नातीला कंपास सापडेना. दुसरी झाली तेव्हा नवऱ्याला गोळ्या हव्या होत्या. दोघांना जागा सांगून त्या वळल्या, तर उत्तराची वेळ संपून टॅबवरची चाचणी पुढे सरकली होती.

"स्मरणशक्ती कमी. लक्ष टिकत नाही," मुलाने निकाल वाचला. "आई, आता एकटीने बाहेर पडायचं नाही. घराची किल्ली दे इकडे."

मनोरमाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ली टेबलावर आपटून त्या तिथेच बसून राहिल्या. कुकर शिट्ट्या मारतच होता.

करपल्याच्या वासाने सून धावत आली. "अहो आई, किती शिट्ट्या झाल्या?"

मोजून अकरा झाल्या होत्या. पाचही शब्द अजून जिभेवर होते.

"मला मेलीला काय आठवतंय?" त्या म्हणाल्या. "त्या टॅबला विचार."