कानातला मणी

पाच वर्षांच्या शाल्मलीच्या कानातला मणी डॉक्टरांनी आज काढला. मुलीचे उच्चार बिघडू नयेत म्हणून तो तान्हेपणीच बसवला होता. घरात राहून तिला वाढवणाऱ्या गिरजाचा शब्द न् शब्द त्या मण्यातून आईच्या आवाजात आणि आईच्याच शुद्ध मराठीत ऐकू जायचा. आता उच्चार पक्के झाले होते.

गिरजा या दिवसाची वाटच पाहत होती. दुपारी अंथरूण घालून तिने आपल्या वऱ्हाडीत हाक मारली, "ये वं माय माही, झोप आता."

शाल्मली दचकून कपाटाआड लपली. "आई, ही कशी बोलते बघ! मला भीती वाटते!"

गायत्रीताई ऑफिसचा कॉल सोडून धावत आल्या. त्यांचा आवाज ऐकून ती शांत झाली आणि कुशीत शिरली.

"आई, मी डोळे मिटले की तू झोपवताना सांगतेस ना, मोहाची फुलं खाणाऱ्या अस्वलाची गोष्ट? ती सांग."

ताईंना ती गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी गिरजाकडे पाहिलं.

गिरजा त्यांच्या मागे येऊन बसली. पोरीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, ताईंच्या कानाशी, ती एकेक वाक्य सांगू लागली.