प्रवचनाचं मराठी

हैदराबादच्या नोकरीत दोन वर्षांत नास्तिक होऊन मार्टिन आदिलाबादला परतला. आईशी घालायचा वाद त्याने रेल्वेतच पाठ केला होता. आई वाद घालेचना.

“नको मानू देवाले. पन फादरचं तेलुगू मले कोन सांगन? शाळेपासून तूच तं सांगत आला.”

झालं! रविवारच्या मिस्सेला चर्चमध्ये आपले क्रांतिवीर आईच्या कानाशी लागून बसले. फादर तेलुगूत गरजले, “धर्म सोडणाऱ्या पोरांचे कान धरा!”

मार्टिन कुजबुजला, “फादर म्हणतात, पोरांवर जबरदस्ती करू नका.”

आईने भक्तिभावाने मान डोलावली.

निघताना दारात फादरांनी खुशाली विचारली, तर आई खडाखडा तेलुगूत बोलली. मार्टिनचा चेहरा पडला.

“दोन वर्षं तू नव्हता, तं शिकली मी,” आई म्हणाली. “पुढच्या रविवारी खरं सांगजो.”