कुंडातला भात

डोंगर चढून दाजीबांचे गुडघे कामातून गेले होते. लेकीच्या सासरची मंडळी कधीच वर पोचून झाडाखाली पानं मांडत होती. त्यांच्यासमोर कण्हणं बरं दिसलं नसतं, म्हणून दाजीबा गुपचूप गरम पाण्याच्या कुंडात उतरले.

उकळत्या झऱ्याच्या तोंडाशी दोरीने बांधलेली पुरचुंडी त्यांनी ओढून पाहिली, तर चांगली ऊन आणि मऊ. शेक घ्यायची गावकऱ्यांनी केलेली सोय बघून ते गहिवरले. आधी गुडघे शेकले, मग कंबर, आणि शेवटी डोळे मिटून ते त्या पुरचुंडीवरच बसून राहिले.

जेवणाच्या वेळी विहीणबाईंनी कुंडातून तीच पुरचुंडी आणून सोडली आणि वाफाळता भात दाजीबांच्या पानात वाढला. "कुंडात शिजलेल्या भाताचा पहिला घास व्याह्यांचा. आमच्याकडची रीतच आहे ती."

"माझा आज उपास आहे," दाजीबा पुटपुटले.

"अहो, वाटेत तीन वडे खाल्लेत की," बायको म्हणाली.

दाजीबांनी डोळे मिटून घास गिळला. विहीणबाईंनीही दोन शितं तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मीठ घालायला मी विसरले होते. पण कुंडाच्या पाण्याचा गुणच असा, आपसूक चव आली."