एकाखाली एक

"आलेख तीनच होतायत," धाकटी फोनवर दादाला म्हणाली. "आईचा रक्तदाब, आईची नाडी, आईचं वजन. पान चार खणांचं आहे. एक खण रिकामा दिसतोय."

"मग अप्पांचा रक्तदाब टाक तिथे," दादा म्हणाला. "डॉक्टर तोच, गोळी तीच. एकाला सोसली, दुसरीचा जीव गेला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

आईला जाऊन दीड महिना झाला होता. न्हाणीघराच्या दारात तिला चक्कर आली, डोकं उंबऱ्यावर आपटलं, आणि ती पुन्हा उठलीच नाही. त्याआधी पंधरा दिवस तिला गरगरत होतं. वयाचं असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता दादाने मनाशी ठाम धरलं होतं की डॉक्टरांनी गोळीच जबर दिली. सोमवारी डॉक्टरांविरुद्धची त्याची तक्रार वैद्यकीय समितीपुढे जायची होती. पुराव्याचं पान करायचं काम ओघानेच धाकटीकडे आलं. ती आरोग्यखात्यात होती. लोकांच्या दुखण्यांचे आलेख काढायचे आणि ते पानावर बसवायचे, हीच तिची नोकरी.

म्हणून शनिवारी दुपारी ती अप्पांकडे येऊन जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून बसली होती.

आकडे अप्पांच्या वहीतले. अप्पांनी जन्मभर जमिनीची मोजणी केली. निवृत्त झाल्यावर मोजायला रक्तदाब उरला. रोज संध्याकाळी आधी आईचा, मग स्वतःचा. तारीख घालून, समास सोडून, कोरीव अक्षरात. एका दिवसाचा खाडा नाही.

आलेख तिने कालच काढून, प्रत्येकाला नाव देऊन जपून ठेवले होते. आज फक्त मांडायचे. दोन नावांमध्ये उभी रेघ टाकली की सॉफ्टवेअर आलेख शेजारी-शेजारी बसवतं, तिरकी रेघ टाकली की एकाखाली एक. परक्यांच्या बाबतीत हे काम ती चहा पिता पिता उरकायची. आज आईचं नाव टाइप करताना तिची बोटं दोनदा चुकली.

आलेखात आईच्या रक्तदाबाची रेघ बारा तारखेपर्यंत वरच होती. तिथून ती जिना उतरावा तशी खाली आली. खाली, आणखी खाली.

बारा तारखेला काय झालं, ते धाकटीला माहीत होतं.

आई गोळ्यांच्या बाबतीत पक्की चुकार. जिभेखाली धरायची आणि पाठ वळली की कुंडीत पुरायची. "या घरात रक्तदाब फक्त त्या कुंडीचा ताब्यात आहे," अप्पा म्हणायचे. अकरा तारखेच्या तपासणीत डॉक्टरांनी तिला अप्पांच्या देखत झापलं होतं. अशाने झटका येईल, म्हणाले. ते ऐकून धाकटी फोनवर रडलीच. तेव्हा कुठे आई विरघळली.

"बरं बाई, घेते. पण ह्यांना सांगू नकोस. 'आलीस ना शेवटी ताळ्यावर' म्हणून डोकं खातील माझं."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता आई गॅलरीत फोन समोर धरून बसायची, लेकीच्या डोळ्यांदेखत गोळी गिळायची, आणि लहान मुलासारखी जीभ बाहेर काढून दाखवायची. आत अप्पा चहा करत असायचे. शेवटपर्यंत एकही सकाळ चुकली नाही. आई गेली त्या सकाळीही नाही.

तेव्हा तिला किती आनंद झाला होता! आणि आता समोर ही रेघ. गोळी पोटात जायला लागली, तशी आई खाली खाली गेली. दादाचं खरं असेल, तर ती जबर गोळी रोज गिळायला लावली होती ती लेकीनेच. हे तिने दादाला अजून सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं, तेही कळत नव्हतं.

शेजारी-शेजारी ठेवलेल्या आलेखांत तारखा फारच दाटीने बसल्या होत्या. तिने नावांमधली उभी रेघ खोडून तिरकी टाकली. वर आई, खाली अप्पा. तारखेखाली तारीख आली.

आणि ती थबकली. अप्पांची रेघ कित्येक महिने संथ होती. बारा तारखेला तिने डोकं वर काढलं होतं, आणि आईची उतरत गेली तशी ती चढत गेली होती.

"झालं का गं?" अप्पा मागे येऊन उभे राहिले. दीड महिन्यात सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता.

"अप्पा, तुम्ही तेव्हा गोळी चुकवत होतात?"

त्यांनी चष्मा लावला, वाकले आणि आईच्या रेघेवरून हलकेच बोट फिरवत खालपर्यंत आणलं.

"काय सुरेख उतरलीय बघ. उगाच त्या डॉक्टरांना दोष देऊ नका रे. गोळी लागू पडत होती तिला."

"मी तुमचं विचारतेय, अप्पा. बारा तारखेपासून तुमचा वाढत का गेला?"

अप्पा खुर्ची ओढून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं.

"दादाला सांगू नकोस, ओरडेल मला. तुझी आई गोळी घेणाऱ्यांतली का होती? डॉक्टर इतकं बोलले, मला राहवेना. तिच्यातली काढली असती तर तिला कळलं असतं. मग दुसऱ्या दिवसापासून माझी गोळी मी रोज सकाळी तिच्या चहात विरघळवून द्यायचो."