पिठातलं पाऊल

"आली वं माय! तानाबाई आली!"

शेजारच्या धुरपताबाईनं जमलेल्या बायांसमोर दार उघडलं न् ती उंबऱ्यातच मटकन बसली. तेरवीच्या आदल्या रात्री, माणूस जिथं गेलं त्या जागी पीठ चाळून पसरायचं, दिवा ठेवायचा न् दार ओढून घ्यायचं. सकाळी जो ठसा दिसेल, त्या जन्माला माणूस गेलं म्हणायचं. कोणाच्या नशिबी चिमणी येते, कोणाच्या मुंगळा. इथं तर चक्क माणसाची पावलं होती.

न् तीही कशी! डावा पाय बाहेरच्या अंगाला वाकडा, सगळा भार कडेवर, टाच फरपटलेली. गुडघे गेल्यापासून तानाबाई अशीच चालायची, हे गावात कोणाला माहीत नव्हतं?

"जशीच्या तशी हाय वं!" धुरपताबाई म्हणाली. "दुसऱ्या कोनाचा पाय असा पडतच नाही."

तानाबाईची लेक विमल भिंतीला धरून उभी होती. पहाटे दिवा विझायला आला म्हणून तीच आत गेली होती तेल घालायला. अंधारात पाय पिठात पडला, तेव्हाच तिला कळलं होतं. सकाळी सांगून टाकू, म्हणून ती परत जाऊन पडली. आता जीभ उचलेना. पाय तिचा होता न् चाल मायची होती, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

विमलचाही गुडघा दुखायचा, खोटं कायले बोला. मागच्या महिन्यात यवतमाळच्या डॉक्टरनं विचारलंही होतं, "आईला होतं का असं? आजीला?" तर बाई केवढी फणकारली! "माह्या मायनं जनमभर कापसाची गाठोडी वाह्यली. मी घाटंजीत दुकानावर बसते. मले कायले होईल?" मायसारखं व्हायचं नाही म्हणून तिनं शेतकऱ्याचं स्थळ रडून रडून मोडलं होतं. डोक्यावर ओझं म्हणून कधी घेतलं नव्हतं.

बाया खोटं बोलत नव्हत्या. माय आली होती, विमलच्याच पायानं चालत.

तेवढ्यात पुंडलिकराव, तिचे म्हातारे वडील, काठी टेकत आत आले. बायको गेल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. ते पिठाजवळ बसले. त्या वाकड्या पावलाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"विमलच्या माय," ते हळूच म्हणाले, "तिकडं तरी दुखायचा थांबला काय वं गुडघा?"

बायांनी पदर डोळ्याला लावले.

"नाही, बाबा," विमल म्हणाली. "अजून दुखते."