दोन नंबरचा गडी

"आज तू एक नंबर घे, ताई," म्हणत बुद्धभूषणनं लॅपटॉप बहिणीकडं सरकवला.

"नको बाबा. माझा हात इकडल्या बटनांवरच बसल्याला हाय." राणीताई बाजेवर मांडी घालून त्याच्या उजव्या हाताला बसली. लहानपणीही दोन नंबरचा गडी तिचाच असायचा.

सकाळी दोघं जवळा बाजारहून औंढ्याला जाऊन आले होते. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर ताईनं सही केली होती. बहिणीनं सही करायची आणि भावानं साडी-चोळी करायची, ही इकडची रीतच. साडी भारीतली होती. चुरगळू नये म्हणून ताईनं ती बॅगेत सगळ्यात वर ठेवली होती. पण सहीच्या आधी तिला एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं. भूषणनंही नाही. ते दिवसभर त्याला खुपत होतं. थोड्या वेळानं तिची सासरी साखऱ्याला जायची एसटी होती. "आपला तो जुना बंदूकवाला गेम हाय का रे अजून?" असं तिनंच विचारलं, तेव्हा त्याला हायसं वाटलं.

गेम तसा भंगारच. गोळी भिंतीतून आरपार जायची आणि झुडपाला अडायची. शत्रूचे शिपाई सगळे एकाच तोंडवळ्याचे, मेल्यावरही उभेच राहणारे. रणगाडा एकदा खांबाला अडकला की जागच्या जागी गरगरत बसायचा. मग त्याला गप्पा मारत, सावकाश मारायचं. बनवणारा अर्धं काम टाकून जेवायला उठून गेला असावा. पण मजा अशी, की ताईला हसता हसता ठसका लागला आणि भूषणची बायको सरिता स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

"ह्यो अजून बी अडकतोच व्हय?" ताई रणगाड्याकडं बघत म्हणाली.

"त्याला कोण दुरुस्त करून राहिलं?"

शेवटच्या पुलावर भूषणचे सगळे जीव संपले. या गेमची सगळ्यात मोठी खोट इथंच होती. आपले जीव संपले, की एक बटण दाबून जोडीदाराचा जीव घेता यायचा. जोडीदाराला गेम विचारायचाच नाही. भूषणचं बोट सवयीनं त्या बटणावर गेलं. ताईचा एक जीव कमी झाला, मग दुसरा. पुढं तिचा गडी पडला तेव्हा त्याला उठवायला काही उरलंच नव्हतं.

तिनं हात मांडीवर घेतले. कुरकुर नाही की काही नाही. उलट पुढं वाकून सांगू लागली, "डावीकडनं जा. वरून बॉम्ब पडून राहिले, बघ."

भूषणनं पूल ओलांडला. हेलिकॉप्टर आलं, त्याचा गडी एकटाच त्यात बसला आणि निघून गेला.

"जिंकलो बाबा एकदाचे," म्हणत ताई उठली आणि बॅगेची चेन लावू लागली.

भूषणला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्याला लाज वाटत होती. लॅपटॉप मिटून, तिच्याकडं न बघताच तो म्हणाला, "ताई, जमिनीतला वाटा पाहिजे होता का गं तुला?"

ताईनं बॅग खांद्याला लावली.

"न्हाई. सकाळी इचारलं असतंस तरी न्हाईच म्हणले असते," ती म्हणाली. "पर इचारायचं होतंस, भूषण."