अंगणाचा नकाशा

बाबा लँडस्केप आर्किटेक्ट होते. ते गेल्यावर परवान्याचा शिक्का परत करा, असं आर्किटेक्टांच्या परिषदेचं पत्र आलं. तो शोधताना ड्रॉवरमध्ये आमच्याच अंगणाचा नकाशा सापडला, सहीशिक्क्यासकट. "लोकांच्या बागा फुलवता, आपलं अंगण मात्र बोडकं," आई जन्मभर कुरकुरायची. नकाशावर तारीख होती बाबा डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन आले त्या दिवसाची. "काही नाही, ॲसिडिटी आहे," म्हणाले होते. आईने चष्मा लावला. त्यांचे नकाशे तीस वर्षं तिनेच रंगवले होते. "अगं, चुकलेत हे. झाडं केवढीशी काढलीत बघ!" झाडाचा घेर वीस वर्षांनंतरचा काढायचा, असं बाबा मला दटावून सांगायचे. इथे एकही झाड वर्षभरापलीकडे वाढलं नव्हतं. "आता तुझाही परवाना आलाय ना? मग तूच दुरुस्त कर." मी नकाशा गुंडाळला. "दुसऱ्याच्या शिक्क्याखालचं काही बदलता येत नाही, आई."